सायकलवर नाशिक-भंडारदरा लूप मारायचा प्लॅन आहे? मग या चुका टाळा

रूट आधी सांगतो. नाशिकच्या पाथर्डी फाट्यावरून निघायचं, विल्होळी, वाडीवऱ्हे, गोंदे करत घोटी, तिथे हायवे सोडून बारी, वारंघुशी फाट्यावरून शेंडी, मग भंडारदरा धरणाला पूर्ण वळसा, म्हणजे मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर करून परत शेंडी, आणि येताना घोटीवरून पांढुर्ली-भगूर मार्गे घरी. साधारण १८०-१९० किलोमीटर भरतात. मी हा लूप बऱ्याचदा केलाय, दोनदा अर्धवट सोडलाय, आणि नव्या लोकांबरोबर जातो तेव्हा त्याच त्या चुका होताना बघतो म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक सकाळी पहिल्या दीड तासातच होते. पहाटे पाचला थंडगार हवा, रुंद हायवे, ग्रुप जमलेला, पाय ताजे, आणि मग कोणीतरी ताशी ३०-३२ च्या वेगाने ओढायला लागतो आणि बाकीचे मागे लागतात. घोटी कधी आली कळतच नाही. पण हिवाळ्यात वारं बहुतेक वेळा ईशान्येकडून असतं, म्हणजे जाताना ते पाठीवर असतं आणि आपल्याला वाटतं आज काय जबरदस्त फॉर्म आहे! तेच वारं संध्याकाळी पांढुर्लीच्या मोकळ्या रानात तोंडावर येतं तेव्हा १८ चा स्पीड ठेवताना जीव जातो. पावसाळ्यात याच्या बरोबर उलट, जाताना समोरून आणि येताना मागून. त्यामुळे घोटीपर्यंत एकच नियम पाळा, शेजारच्याशी सलग पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. धाप लागत असेल तर ग्रुप सोडा, ते लोक पुढे चहाला भेटतातच.

बरेच जण मला विचारतात की घाट किती अवघड आहे. खरं सांगू का, या रूटवर घाट माणसाला पाडत नाही. पाडतो तो धरणाचा वळसा. चाळीसेक किलोमीटरचा तो रस्ता नकाशावर पाण्याच्या कडेने सपाट दिसतो, पण प्रत्यक्षात दर ओहोळाला खाली उतरायचं आणि लगेच वर चढायचं, त्यात मध्येमध्ये उखडलेलं डांबर, म्हणजे उताराचा वेग पुढच्या चढाला वापरताच येत नाही. पुढे ५२-३६ आणि मागे २८ ची कॅसेट (हे आकडे पुढच्या आणि मागच्या दातेरी चाकांच्या दात्यांचे, कॅसेट म्हणजे मागच्या दातेरी चाकांचा संच) घेऊन आलेले लोक इथे गुडघे दुखवून घेतात. पुढे ३४, मागे ३२ किंवा ३४ असू द्या, त्यात कमीपणा काही नाही. आणि अकरापर्यंत शेंडी सोडता आली नाही तर वळसा न घेता नुसतं धरण बघून मागे फिरा. ब्रेव्हेला, म्हणजे ठरावीक वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या राइडला, २०० किमीसाठी साडेतेरा तास मिळतात, तोच हिशोब डोक्यात ठेवा आणि त्यात पंक्चर, जेवण, फोटो सगळं धरा.

खाण्याचं. भूक लागल्यावर खाणार असाल तर उशीर झालेला असतो, कारण अंगातली साठवलेली साखर दीड-दोन तासांच्या जोरात संपत येते आणि मग पायात गोळे, डोकं सुन्न, चिडचिड, उगाच रडू आल्यासारखं. तासाला ५०-६० ग्रॅम कार्ब्स पोटात जायला हवेत, म्हणजे दोन केळी किंवा चार-पाच खजूर आणि एक राजगिऱ्याचा लाडू. मी उकडलेले छोटे बटाटे मीठ लावून नेतो, ते जेलपेक्षा पोटाला बरे पडतात. नुसतं पाणी पीत राहू नका, मीठ-साखर किंवा ओआरएस हवंच, कारण घामातून मीठ जातं आणि वरून साधं पाणी ओतत राहिलं की मळमळ आणि डोकेदुखी सुरू होते. शेंडीला दोन्ही बाटल्या गच्च भरा. तिथे पिठलं आणि नागलीची भाकरी मिळाली तर जरूर खा पण अर्धीच, भरपेट जेवून रतनवाडीकडे निघालात तर झोप येते. रतनवाडीत अमृतेश्वराच्या मंदिरापाशी थांबून उरलेलं खा.

खिशात सुट्टे पैसे ठेवा. वळशावर नेटवर्कचा भरवसा नाही आणि शेंडीला वनखात्याच्या नाक्यावर प्रवेश फी भरावी लागते, पुढचा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. म्हणून रिकामी पाकिटं परत आणायचीच.

आता बिघाड. शेंडी सोडली की सायकलचं दुकान नाही, आणि बारीक व्हॉल्व्हची ट्यूब घोटीतही मिळेल असं धरून चालू नका. दोन ट्यूब, पॅच, टायर लिव्हर, पंप, चेन टूल आणि तुटलेली चेन जोडायला आपल्या चेनला बसणारी क्विक लिंक. पंक्चर झाल्यावर ९० टक्के लोक ट्यूब बदलतात आणि टायर आतून चाचपत नाहीत, मग दोन किलोमीटरवर तीच काच दुसरी ट्यूब फोडते. बोट फिरवताना सावकाश फिरवा, तारेचा तुकडा कापतो.

साम्रदच्या अलीकडे एकदा माझ्या टायरची कडच दगडाने फाटली, दीड इंच. त्यातून ट्यूब फुग्यासारखी बाहेर यायला लागली. गुरं घेऊन चाललेले एक बाबा थांबले, काही न विचारता सायकल धरून उभे राहिले. चिक्कीचं पाकीट चार घड्या करून फाटलेल्या जागी आतून ठेवलं, हवा नेहमीपेक्षा वीसेक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) कमी भरली, आणि त्यावर घाटघर, शेंडी करत घोटीपर्यंत आलो. मी हवा भरेपर्यंत बाबांनी कुठूनतरी तांब्याभर पाणी आणलं होतं. तेव्हापासून जुन्या टायरचा बोटभर तुकडा कापून सीटखालच्या पिशवीत कायम ठेवतो. दुसरं म्हणजे हवा. २८ मिलिमीटर रुंदीचं टायर आणि सत्तर किलोचा माणूस असेल तर ७०-७५ पीएसआय पुष्कळ झालं, शंभर-एकशेदहा भरून आलेल्यांचे हात आणि पाठ रतनवाडीलाच बोलायला लागतात.

मागच्या गिअरची केबल तुटली तर चेन मागच्या सगळ्यात छोट्या दातेरी चाकावर जाऊन बसते आणि त्यावर चढ चढता येत नाही. घाबरू नका. मागच्या डिरेलरवर (चेन एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) दोन बारीक स्क्रू असतात, त्यातला एच लिहिलेला आत पिळत जा, चेन एक-दोन चाकं वर सरकून तिथेच राहते, पुढे लहान चाक लावा आणि सिंगल स्पीडसारखं घरी या. केबल बहुतेक वेळा शिफ्टरच्या (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका) आत धागा-धागा होऊन तुटते, म्हणून आठवडाभर गिअर नीट पडत नसतील तर निघायच्या आधी बदलून घ्या.

पावसाळ्यात जाणार असाल तर ब्रेक पॅड. घाटघर म्हणजे राज्यातल्या सगळ्यात जास्त पावसाच्या जागांपैकी एक. तिथला चिखल डिस्क ब्रेकच्या रोटरवर (चाकावरची धातूची चकती) उडतो आणि मऊ रेझिनचे पॅड एका दिवसात संपवतो, मी स्वतः नवे पॅड घेऊन गेलो आणि परत येताना लोखंड लोखंडाला घासत होतं. मेटलचे लावा, आवाज करतात पण टिकतात. जुलैत भातलावणी चालू असते, चिखलणी करून ट्रॅक्टर केजव्हीलसकट (चिखलात चालवायची लोखंडी जाळीची चाकं) रस्त्यावर येतात, तिथे मातीचा ओला थर राहतो आणि तो नेमका वळणावर असतो. सरळ असताना ब्रेक मारून घ्या, वळणात शिरल्यावर नाही.

गुडघा पुढून दुखत असेल तर बहुतेक सीट खाली आहे, मागून दुखत असेल तर वर. पण तिथे रस्त्यात एका वेळी ३-४ मिलिमीटरपेक्षा जास्त हलवू नका, आणि मूळ उंचीवर टेपची खूण करून निघा. हाताच्या बोटांना मुंग्या आल्या तर दर दहा मिनिटांनी पकड बदला.

परत घोटीला आलात की निम्मे लोक म्हणतात आता काय, घरच आलं. अजून ४५-५० किलोमीटर आहेत आणि डिसेंबरात सहालाच अंधार पडतो. चहा घ्या, बसून काहीतरी खा, पुढचा-मागचा लाइट तिथेच लावा, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट चढवा, घरी फोन करा आणि मग निघा. भगूरच्या पुढे गाड्या वाढतात, तिथे थकलेला माणूस डुलतो आणि समोरच्याचं चाक बघत राहतो. दोघांमध्ये नेहमीपेक्षा दुप्पट अंतर ठेवा आणि खड्डा दिसला की मागच्याला ओरडून सांगा.