हायलक्सची लिफ्ट आणि टायर: पैसे मोजण्याआधीची तयारीची यादी

पिकअप उंच करायची ठरली की बोलणे बहुधा लिफ्ट किटपासून, म्हणजे गाडी चाकांवर उंच करणाऱ्या स्प्रिंग-शॉकअपच्या संचापासून, सुरू होते आणि मग वाढलेल्या उंचीत मावेल तेवढा मोठा टायर शोधला जातो. हा क्रम उलटा लावावा. आधी वाट, मग वजन, मग टायर आणि सर्वांत शेवटी लिफ्ट असा विचार केला, तर खर्च आटोक्यात राहतो आणि गाडीचे मूळ गुणही शाबूत राहतात. पुढील यादी टोयोटा हायलक्स डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. २०२२ पासून भारतात मिळणाऱ्या या पिकअपला पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन कंट्रोल आर्म) आणि कॉइल स्प्रिंग, तर मागे अखंड अ‍ॅक्सल आणि पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंग) आहेत. इसुझू व्ही-क्रॉसची रचनाही अशीच असल्याने तिच्या मालकालाही आकडे बदलून ही यादी वापरता येईल.

पहिले काम कागद-पेन्सिलीचे आहे. येत्या वर्षा-दोन वर्षांत गाडी खरोखर कोणत्या वाटांवर जाणार आहे, हे लिहून काढावे. कुठे जावेसे वाटते, ते वेगळ्या कागदावर. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावर आणि सह्याद्रीतल्या दगडी गाडीवाटांवर टायरची बाजूची भिंत टिकाऊ असणे महत्त्वाचे ठरते. जैसलमेरच्या वाळूत हवा कमी करता येईल असा उंच भिंतीचा टायर उपयोगी पडतो आणि लिफ्टचा फारसा उपयोग होत नाही. स्पितीच्या रस्त्यावर दगड आणि ओढे दोन्ही असतात, पण तिथेही मूळ उंचीच्या हायलक्सचे सहसा अडत नाही. काळ्या मातीचे मात्र वेगळे आहे. पावसाळ्यात ती टायरच्या खाचांत इतकी घट्ट बसते की चाकाच्या दोन-चार फेऱ्यांत टायर गुळगुळीत होतो, आणि मड टेरेनच्या, म्हणजे खास चिखलासाठीच्या टायरच्या, रुंद खाचाही ती पूर्णपणे झटकू शकत नाहीत. वाफसा येईपर्यंत थांबणे हा तिथला सर्वांत स्वस्त उपाय आहे. उसाच्या हंगामानंतर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या हा आपल्याकडचा दुसरा खरा अडथळा आहे, आणि लिफ्टविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज तिथेच उघडा पडतो.

चाकोरीत चाके उतरली की मधला उंचवटा गाडीच्या पोटाखालून जातो आणि सर्वांत आधी घासतो तो मागच्या अ‍ॅक्सलवरचा डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीचा) फुगवटा. मागे पाटे बदलून गाडी ५० मिलिमीटर उचलली, तरी हा फुगवटा एक मिलिमीटरही वर जात नाही, कारण तो अ‍ॅक्सलचाच भाग आहे आणि अ‍ॅक्सल चाकांच्या मध्यावर असतो. त्याला वर नेणारी गोष्ट एकच, टायरचा व्यास. तीही वाढलेल्या व्यासाच्या निम्म्यानेच. पुढचा डिफरन्शियल चॅसीला टांगलेला असल्याने लिफ्टबरोबर वर जातो, पण खालचे कंट्रोल आर्म चाकाशीच राहतात. मग लिफ्टने मिळते काय? चॅसी, इंधनाची टाकी, साइड स्टेप आणि बंपर वर जातात. सुमारे ३,०८५ मिलिमीटरच्या व्हीलबेसवर (पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांतील अंतरावर) ५० मिलिमीटरची लिफ्ट पोटाखालच्या कोनात ढोबळ भूमितीने सुमारे साडेतीन अंशांची भर घालते. बांध ओलांडताना किंवा घाटातल्या तीव्र चढाच्या माथ्यावर ही भर जाणवते. चाकोरी आणि सुटे दगड हाच मुख्य त्रास असेल, तर पैसे टायरवर खर्च करावेत.

दुसरे काम वजनाचे, आणि ते अंदाजाने करू नये. गाडी नेहमीच्या प्रवासासारखी भरावी: ८० लिटरची डिझेल टाकी पूर्ण, पाण्याचे कॅन, कॅनपी (मागच्या हौद्यावरचे झाकण), फ्रिज, छतावरचा तंबू आणि माणसेसुद्धा. मग ती जवळच्या वजनकाट्यावर न्यावी. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घेऊन, नंतर पूर्ण गाडी घेऊन असे दोन आकडे लिहून घ्यावेत. काट्यावरचा माणूस बुचकळ्यात पडेल, पण पावती देईल. एकूण वजन नोंदणीपत्रावरील कमाल वजनाच्या आत आहे का, हे आधी पाहावे. ते बाहेर गेले असेल तर सामान कमी करणे हाच उपाय. जड पाटे बसवल्याने गाडीची परवानगी असलेली भारक्षमता वाढत नाही, मागची बाजू फक्त बसलेली दिसत नाही. पाटे निवडताना कायमस्वरूपी भार धरावा, सहलीपुरता भार धरू नये. कायम ३०० किलो वाहणाऱ्या गाडीसाठी घडवलेले पाटे रिकाम्या गाडीखाली बसवले, तर खड्ड्यांत मागची बाजू उसळत राहते आणि ओल्या रस्त्यावर पकड कमी होते.

आता टायर. १८ इंची रिमवरच्या मूळ २६५/६० आर १८ टायरचा (रुंदी २६५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के, रिम १८ इंच) व्यास सुमारे ७७५ मिलिमीटर आहे. १७ इंची रिमवरचा २६५/६५ आर १७ही जवळजवळ तेवढाच भरतो. पहिली पायरी म्हणजे २६५/७० आर १७ किंवा २६५/६५ आर १८. दोन्हींचा व्यास सुमारे ८०२ मिलिमीटर, म्हणजे साडेतीन टक्के जास्त, आणि डिफरन्शियलखाली १३-१४ मिलिमीटर नवी जागा. दुसरी पायरी २८५/७० आर १७. त्याचा व्यास ८३१ मिलिमीटर, वाढ सात टक्क्यांहून अधिक आणि डिफरन्शियलखाली २८ मिलिमीटरची भर. कागदावर दुसरी पायरी आकर्षक दिसते, पण तिच्यामागे बरेच येते: वळणात पूर्ण स्टीअरिंग कापल्यावर टायर आतल्या प्लास्टिकला किंवा बॉडी माउंटला (चॅसीवर कॅबिन टेकते त्या आधाराला) घासतो, ब्रेकला अधिक वजनदार चाक थांबवावे लागते, गिअरिंग सात टक्क्यांनी लांबते आणि मोठी स्टेपनी मागच्या हौद्याखाली मूळ जागी बसेलच असे नाही. मॅन्युअल हायलक्सला ४२० आणि ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन-मीटर टॉर्क असल्याने पहिल्या पायरीतला फरक इंजिनाला फारसा कळत नाही. दुसऱ्या पायरीतला भरल्या गाडीने घाट चढताना कळतो. माझ्या मते, ज्याचे बहुतांश किलोमीटर महामार्गावर जातात त्याने पहिल्या पायरीवर थांबावे, आणि शक्य असल्यास १७ इंची रिम घ्यावी, कारण त्यावर टायरची भिंत १५९ ऐवजी सुमारे १८५ मिलिमीटर मिळते. हवा कमी करून चालवताना रिम वाचते ती या भिंतीमुळे.

टायरच्या भिंतीवरचा मजकूर दुकानातच वाचावा. ११० हा भारांक म्हणजे एका टायरवर १,०६० किलो, ११२ म्हणजे १,१२०, तर १२१ म्हणजे १,४५० किलो. मूळ टायरपेक्षा कमी भारांक कितीही सवलत असली तरी घेऊ नये. एलटी (लाइट ट्रक) वर्गाचे टायर जाड आणि दगडांना सरस असतात, मात्र तेवढेच वजन पेलायला त्यांना हवा जास्त लागते. त्यामुळे दारावरच्या स्टिकरवरचा हवेचा आकडा त्यांना जसाच्या तसा लागू होत नाही, हे टायरवाल्यालाही आठवण करून द्यावे लागते. बनावटीची तारीख चार अंकी असते, पहिले दोन अंक आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. खाचांच्या प्रकाराविषयी थोडक्यात: ऑल टेरेन, म्हणजे रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचे टायर, पुरेसे आहेत. मड टेरेन ओल्या डांबरावर थांबायला जास्त अंतर घेतात, आवाज करतात आणि झिजतात लवकर. कोकणात चार महिने पावसातून जाणाऱ्याने याचा विचार करावा. टायर पाचही एकाच आकाराचे आणि एकाच वेळी घ्यावेत, कारण वेगळ्या व्यासाची स्टेपनी लावून फोर-व्हील ड्राइव्ह लावला की सगळा ताण ड्राइव्हलाइनवर येतो. रिमचे पीसीडी (बोल्टची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा मिलिमीटरमधील व्यास) ६ × १३९.७ असावे, मधले छिद्र १०६.१ मिलिमीटरच्या हबवर बसणारे असावे आणि ऑफसेट (रिमच्या मध्यापासून हबवर टेकणाऱ्या पृष्ठभागाचे अंतर) मूळ ३० मिलिमीटरच्या जवळ असावा. ऑफसेट फार कमी केला तर चाक बाहेर येऊन रुबाबदार दिसते, पण बेअरिंग आणि स्टीअरिंगवर भार वाढतो आणि घासण्याची शक्यताही वाढते.

टायर ठरला की लिफ्टचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो. ८०२ मिलिमीटरच्या टायरला ४० ते ५० मिलिमीटर पुरतात, आणि मर्यादा पाळलेली बरी अशी तीच रेघ आहे. त्यापलीकडे पुढच्या ड्राइव्ह शाफ्टच्या सीव्ही जॉइंटचा (चाक वळताना-हलतानाही त्याला ताकद पोचवणाऱ्या सांध्याचा) कोन वाढून रबरी बूट लवकर फाटतात, वरच्या बॉल जॉइंटला ओढ बसते, कॅस्टर (स्टीअरिंग सरळ ठेवणारा चाकाच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) कमी होऊन महामार्गावर स्टीअरिंग भरकटल्यासारखे वाटते, आणि हे सावरायला वेगळे अप्पर कंट्रोल आर्म घ्यावे लागतात. शॉकअपच्या माथ्यावर बसणारे स्पेसर स्वस्त असतात. २५ मिलिमीटरचा स्पेसर चाकाशी त्याच्या जवळजवळ दुप्पट उंची देतो. पण स्प्रिंग तीच राहते आणि चाकाला खाली लटकायला उरलेली जागा कमी होते, म्हणून खडबडीत वाटेवर टॉप-आउटचा, म्हणजे चाक खाली जाण्याची हद्द गाठल्याचा, ठोका ऐकू येतो. मागे लांब शॅकल (पाट्याचे टोक चॅसीला जोडणारी कडी) किंवा पाट्याखाली ठोकळे घालून काम भागवू नये. भारानुसार निवडलेले पूर्ण पाटे आणि त्यांच्या लांबीला जुळणारे शॉकअप एकत्रच बसवावेत. कॅबिन चॅसीपासून उचलणारी बॉडी लिफ्ट या यादीत नाही. पाणी ओलांडण्यासाठी लिफ्ट करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की इंजिनात हवा घेणारे तोंड थोडे वर गेले तरी अ‍ॅक्सल आणि त्याचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारे छिद्र) मूळ जागेच्या आसपासच राहतो. त्याची नळी वर न्यावी.

कायद्याची बाजू दुकानदार सांगत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांहून वेगळे होतील असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. म्हणून काम सुरू करण्याआधी आरटीओ कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी आणि उत्तर फाइलमध्ये ठेवावे. सोसायटीच्या तळघरातील उंचीची पाटीही एकदा पाहावी. छतावर तंबू असेल तर वाढलेले ६० मिलिमीटर तिथे आड येऊ शकतात.

बसवण्याच्या दिवशी गाडी सपाट जमिनीवर घेऊन, सामान उतरवून, चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजून लिहावी. जमिनीपासून मोजले तर टायर आणि हवा यांचा फरक त्यात मिसळतो. पिकअप रिकामी असताना मागून थोडी उंच असते ती भार घेण्यासाठी. पुढची बाजू तिच्या बरोबरीला आणली, तर भरल्या गाडीचे दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात. काम झाल्यावर पुन्हा तीच चार मापे घ्यावीत, ब्रेकच्या नळ्या आणि एबीएसच्या वायरी चाक पूर्ण लटकलेले असताना ताणत नाहीत ना ते पाहावे, दोन्ही बाजूंना पूर्ण स्टीअरिंग कापून टायर फिरवावा, मग अलाइनमेंट करून कॅस्टर-कॅम्बरच्या (कॅम्बर म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल) आकड्यांची छापील प्रत मागून घ्यावी आणि हेडलाइटचा झोत खाली बसवावा. स्पीडोमीटर जीपीएसशी ताडून पाहावा: पहिल्या पायरीच्या टायरवर मूळच्या तुलनेत खरा वेग काट्यावरच्या आकड्यापेक्षा साडेतीन टक्के जास्त असतो आणि ओडोमीटर तेवढेच कमी मोजतो, म्हणजे सर्व्हिसचे किलोमीटरही थोडे आधीच धरावेत. पाट्यांचे यू-बोल्ट ५०० किलोमीटरनंतर टॉर्क रेंचने पुन्हा आवळावेत आणि १,००० किलोमीटरला, स्प्रिंग बसून उंची स्थिरावल्यावर, अलाइनमेंट दुसऱ्यांदा करावी. पहिल्या लांबच्या प्रवासाची तारीख त्यानंतरचीच ठेवावी.