जुना बोल्ट टाकू नका, आधी त्याचं डोकं वाचा

ट्रॅक्टर आणि डिझेल पंपाची इंजिनं उघडण्यात माझी वीस वर्षं गेली. अजूनही बोल्ट निघाला की आधी चिंधीने त्याचं डोकं पुसतो. काजळी निघाली की खाली आकडा दिसतो: ८.८, १०.९, क्वचित १२.९.

पहिल्या आकड्याला शंभराने गुणा. ८.८ म्हणजे तुटेपर्यंत साधारण ८०० मेगापास्कल (ताण मोजायचं एकक) ताण सोसणार. दुसरा आठ सांगतो, की त्याच्या ८० टक्क्यांवर, म्हणजे ६४० ला, बोल्ट कायमचा ताणला जातो. १०.९ मध्ये हेच १००० आणि ९००. डोक्यावर आकड्याऐवजी नुसत्या रेघा असतील तर बोल्ट इंची मापाचा: तीन रेघा ग्रेड ५, सहा रेघा ग्रेड ८. डोकं कोरं असेल तर तो इंजिनाला लावायचाच नाही.

मी हे ठेच लागून शिकलो. मेहुण्याच्या ट्रॅक्टरला डायनामोच्या ब्रॅकेटचा बोल्ट तुटला, रविवार होता, मी डब्यातला एक साधा एम-१०, म्हणजे १० मिलिमीटर जाडीचा, लावून दिला. आठवड्याने पट्टा किंचाळायला लागला. बोल्ट काढून नव्याच्या आट्यांत आटे बसवून उजेडासमोर धरला. सुरुवातीचे चार आटे नीट बसले, पुढे फट पडत गेली. बोल्ट लांबला होता! ४.६ चा असणार. तो २४० लाच हार मानतो. पकड सुटली, ब्रॅकेट हलायला लागलं. आता हीच उजेडाची परीक्षा मी प्रत्येक जुन्या बोल्टची घेतो.

मग सगळीकडे १२.९ लावावा का? नको. ॲल्युमिनियमच्या अंगात त्याच्या ताकदीने पाना ओढलात तर बोल्ट शाबूत राहील, आटे मात्र हातात येतील. जो ग्रेड निघाला तोच लावा, आवळायचा आकडा मॅन्युअलमधून घ्या आणि आटे कोरडे की तेल लावून, तेही तिथेच बघा. तेलाच्या आट्यांवर त्याच टॉर्कला, म्हणजे आवळायच्या त्याच जोराला, बोल्ट बराच जास्त ताणला जातो.

चकचकीत स्टेनलेस स्टीलच्या बोल्टचा मोह आवरा. त्यातला नेहमीचा ग्रेड ए२-७० हा ८.८ पेक्षा नरम असतो. पत्र्याच्या कव्हरला चालेल.

दुकानात जाताना जुना बोल्ट खिशात न्या. एम-१० मध्ये १.५ आणि १.२५ मिलिमीटर असे दोन्ही पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, मिळतात. चुकीचा बोल्ट दोन फेरे जातो आणि मग अडतो. तिथे पान्याने जोर लावू नका. नटही जोडीचा घ्या, ८.८ ला ८ चा, १०.९ ला १० चा.

कनेक्टिंग रॉडचे (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याचे) बोल्ट मात्र मी हार्डवेअरच्या दुकानातून कधीच घेत नाही. कंपनीचेच, पार्ट नंबर सांगून. सिलिंडर हेडच्या बोल्टचंही तसंच. मॅन्युअलमध्ये टॉर्कनंतर ‘आणखी ९० अंश फिरवा’ असं असेल, तर ते बहुतेक एकदाच वापरायचे असतात. गिऱ्हाईक म्हणतं, चांगले दिसताहेत की. मी त्याला उजेडात दाखवतो.