कपड्यांचं कपाट कसं आवरावं

आवरलेलं कपाट आठवड्याभरात पुन्हा विस्कटत असेल, तर दोष बहुतेक वेळा आळसाचा नसतो, मांडणीचा असतो. हवा असलेला कपडा काढताना माणूस खटपट करतो. चळतीच्या तळातला शर्ट ओढतो, टाचा उंचावून वरच्या फळीवर हात घालतो. तोच कपडा धुऊन वाळून आला की तेवढी खटपट कुणी करत नाही, दिसेल त्या जागेत तो कोंबला जातो. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीला एकच गोष्ट तपासा: कपडा परत ठेवणं हे काढण्यापेक्षा सोपं झालं का?

सुरुवात करण्याआधी

एका माणसाच्या दोन दारी कपाटाला चार ते पाच तास धरा आणि सकाळीच हात घाला. संध्याकाळी उपसायला घेतलं की झोपायच्या वेळी पलंगावर ढीग असतो आणि तो जसाच्या तसा परत आत जातो. एवढा सलग वेळ नसेल तर एका दिवशी एकच प्रकार घ्या: आज सगळ्या पँटी, उद्या सगळे शर्ट. कप्प्यांप्रमाणे आवरू नका. कप्प्याकप्प्याने आवरताना कपडे फक्त इकडून तिकडे सरकतात, आणि एकाच रंगाच्या चार पँटी आपल्याकडे आहेत हे कधी कळतच नाही, कारण त्या चार ठिकाणी असतात.

डबे, टोपल्या, नवे हँगर यांची खरेदी शेवटी करायची. किती कपडे उरणार आणि फळीचं माप काय, हे ठाऊक नसताना आणलेला डबा हमखास दोन सेंटीमीटरने मोठा निघतो. आत्ता लागतात त्या वस्तू साध्या आहेत: मोजायचा टेप, तीन मोठ्या पिशव्या, झाकणाचं एक खोकं, मार्कर, कोरडी फडकी, आणि पलंगावर अंथरायला स्वच्छ चादर.

उपसा आणि निवडा

घेतलेल्या प्रकारचे सगळे कपडे एकत्र आणा. दारामागचे, वाळत घातलेले, बॅगेत राहिलेले, सगळे. मग एकेक हातात घेऊन उजेडाकडे धरा. कापड आधी कुठे हार मानतं ते ठरलेलं असतं: कॉलरची घडी, काखा, कोपरं, पँटीच्या मांड्यांमधली शिवण आणि चेन. या पाच जागा पाहिल्या की बहुतेक कपड्यांचा निकाल लागतो.

इलॅस्टिक ओढून पाहा. ते परत आवळलं नाही, किंवा ओढताना आत बारीक करकर आवाज आला, तर आतला रबर संपला आहे. कंबरपट्ट्यात नेफा असेल तर इलॅस्टिक बदलता येतं, ते कापडावरच शिवलेलं असेल तर खटाटोप फार होतो. नकली चामड्याच्या जॅकेटची पापुद्र्यांसारखी सालं निघत असतील तर ते ठेवू नका. त्यावरचा पॉलियुरेथेनचा थर हवेतल्या दमटपणाने विघटित होतो. न वापरताही होतो, आणि त्यावर दुरुस्ती नाही.

‘आवडतो का’ हा प्रश्न नंतरचा. आधी ‘बसतो का’ ते बघा. शंका असलेला कपडा अंगात घाला, खाली बसा, दोन्ही हात वर करा. आरशासमोर उभं राहून छान दिसणारा पण बसल्यावर काचणारा कपडा तुम्ही आजवर घातलेला नाही, पुढेही घालणार नाही.

आता पाच ढीग होतील. ठेवायचे कपडे चादरीवर. द्यायचे एका पिशवीत: धुतलेले, वाळलेले, बटणं शाबूत असलेले. फाटका, विटलेला कपडा ‘कुणाला तरी होईल’ म्हणून देऊ नका. ज्याला मिळेल त्याला तो फक्त टाकायचं काम देतो. फडक्यांसाठी सुती कपडे वेगळे काढा आणि बटणं, चेन आधी कापून घ्या. पॉलिस्टर पाणी शोषत नाही, त्याचं पुसणं नुसतं पाणी पसरवतं. दुरुस्तीच्या पिशवीवर दोन आठवड्यांनंतरची तारीख लिहा. बटण लावायला दहा मिनिटं लागतात. ती पंधरा दिवसांत मिळाली नाहीत तर तो कपडा तुम्हाला हवा नाही, असं धरून चाला.

पाचवा ढीग ‘ठरत नाही’ वाल्यांचा. त्याला एकच खोकं आणि जास्तीत जास्त बारा कपडे. झाकण लावून सहा महिन्यांनंतरची तारीख लिहा आणि ते कपाटाबाहेर ठेवा. यात एक चूक सर्रास होते: महागाचे, पण न घातलेले सगळे कपडे या खोक्यात जातात. किंमत देऊन झाली आहे. कपडा कपाटात अडकवून ती परत येत नाही, फक्त जागा अडते. आठवणींचे कपडे मात्र या हिशेबात आणू नका. त्यांना रोजच्या कपाटाबाहेर, स्वच्छ सुती कापडात बांधून निवांत जागा द्या.

आणि घरातल्या दुसऱ्या माणसाच्या कपड्यांचा निर्णय त्याच्या माघारी घेऊ नका. एकदा तसं झालं की पुढच्या वेळी तो माणूस कपाटाला हातच लावू देत नाही.

रिकामं कपाट

कोपरे आणि फळ्यांच्या फटी व्हॅक्यूमने किंवा कोरड्या ब्रशने साफ करा. कसरीची अंडी तिथेच असतात, वरवर फडकं मारून ती निघत नाहीत. मग घट्ट पिळलेल्या कापडाने पुसून दारं किमान दोन तास उघडी ठेवा. ओल राहिलेल्या लाकडावर कपडे रचले की कुबट वास येतो आणि मग अत्तराच्या पुड्या ठेवून काही होत नाही. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं असेल तर ४ ते ५ सेंटीमीटर पुढे ओढा, म्हणजे मागे हवा खेळते.

मापं घ्या

हँगर साधारण ४२ ते ४५ सेंटीमीटर रुंद असतो, म्हणून कपाटाची खोली आतून ५५ ते ६० सेंटीमीटर हवी आणि दांडी मागच्या भिंतीपासून ३० सेंटीमीटरवर. त्याहून उथळ कपाटात बाह्या दारात अडकतात. शर्टाला दांडीखाली सुमारे १ मीटर उंची पुरते, पायघोळ कपड्याला दीड मीटरहून जास्त लागते. कपाट दोन मीटरहून उंच असेल आणि लांब कपडे थोडेच असतील तर एका बाजूला दोन दांड्या लावा, एक जमिनीपासून १ मीटरवर, दुसरी २ मीटरवर. टांगायची जागा तिथे दुप्पट होते. दांडी मीटरभराहून लांब असेल तर मध्ये आधार द्या, नाहीतर ती वाकते आणि सगळे कपडे मध्यावर घसरतात.

एका शर्टाला दांडीवर सुमारे अडीच सेंटीमीटर लागतात, जाड कोटाला ७ ते ८. म्हणजे एक मीटर दांडीवर कागदावर ४० शर्ट बसतात, पण ३५ वर थांबा. हँगर आत सरकवायला दुसऱ्या हाताने कपडे रेटावे लागत असतील तर ती दांडी भरलेली आहे, मग अंतर काही का दिसेना. फळ्यांचंही तसंच. पाचवा हिस्सा रिकामा ठेवणं ही उधळपट्टी वाटते, पण धुतलेले कपडे परत येतात ते त्याच जागेत.

काय टांगायचं, काय घडी करायचं

शर्ट, कोट, चुरगळणाऱ्या पँटी आणि पातळ झुळझुळीत कपडे टांगा. स्वेटर आणि विणलेले सगळे कपडे घडी करा. विणीत धाग्याचे फास असतात, ते स्वतःच्या वजनाने ताणले जातात. खांद्याला उंचवटे येतात आणि लांबी वाढत जाते. जीन्स टांगायची गरज नाही. जड कोटाला रुंद खांद्याचा हँगर हवा. तारेचे हँगर गंजतात आणि डाग पडतो, ते काढूनच टाका. बाकीचे हँगर एकाच जातीचे असले की कपडे एका उंचीवर राहतात आणि नजर अडखळत नाही.

फळीवर चळत रचायची तर टी-शर्ट आठाच्या वर नकोत, स्वेटर पाचाच्या वर नकोत. त्याहून उंच चळतीतून खालचा ओढला की वरचे कोसळतात. दोन फळ्यांतलं अंतर २५ ते ३० सेंटीमीटर पुरतं. खणात मात्र चळत नकोच, कपडे वहीसारखे उभे लावा.

१. टी-शर्ट पालथा पसरा, हातांनी हवा काढा.
२. दोन्ही बाजू मध्याकडे दुमडा. बाह्या आत घेऊन २० ते २४ सेंटीमीटर रुंदीची सरळ पट्टी करा.
३. खालची कड गळ्याकडे आणा, गळ्यापासून दोन बोटं अलीकडे थांबा. ७० सेंटीमीटरचा शर्ट आता साधारण ३६ होतो.
४. खण २० सेंटीमीटर उंच असेल तर पुन्हा निम्मा करा, १५ असेल तर तिनात दुमडा.
५. उभा ठेवून हात काढा.

शर्ट कलंडला तर पट्टी जास्त रुंद झाली आहे किंवा कापड फार निसरडं आहे. निसरड्या कापडावर वेळ घालवू नका, त्याची सुरळी करा. मोज्यांचा गोळा करून एकाची कड दुसऱ्यावर उलटवू नका, त्यात त्याचं इलॅस्टिक कायमचं ताणलेलं राहतं. जोडी एकावर एक ठेवून दुमडली की झालं.

खोल फळीवर दोन रांगा होतात आणि मागची रांग विसरली जाते. तिथे बिनझाकणाचा, पुढून धरता येईल असा डबा ठेवा म्हणजे फळी खणासारखी ओढता येते. रोजचे कपडे कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या पट्ट्यात, क्वचित लागणारे वर, जड खाली. उभ्या खणांचं कपाट भिंतीला पट्टीने पक्कं करा. वरचे भरलेले खण एकदम ओढले की ते पुढे झुकतं, आणि लहान मुलं खणांवर चढतात.

एकदा घातलेल्या कपड्यांची जागा

खुर्चीवर साचणारा ढीग बघा. त्यात मळलेले कपडे थोडे असतात. बाकीचे दोन-चार तास घातलेले असतात: धुवायला टाकावेत इतके मळके नाहीत, घडी करून स्वच्छ कपड्यांत ठेवावेत इतके कोरेही नाहीत. बहुतेक कपाटांत या तिसऱ्या जातीला जागाच नसते, आणि नीट आवरलेलं कपाट नेमकं इथून बिघडायला लागतं.

दारामागे किंवा कपाटाच्या बाजूला पाच खुंट्या लावा. पाचच. एका खुंटीला एक कपडा, कपाटात घालण्याआधी रात्रभर हवेवर. सहावा कपडा आला की पाचांपैकी एक धुवायला जातो किंवा परत जागेवर. मोठा हुक लावून त्यावर सगळं लादलं तर ती उभी खुर्चीच होते. धुवायच्या कपड्यांची टोपली कपडे उतरवता त्याच खोलीत ठेवा, झाकणाशिवाय.

बरेच दिवस ठेवायचे कपडे

न धुता काही साठवू नका. घाम आणि तेलकटपणा आज दिसत नाही, पण हवेशी संयोग होऊन काही महिन्यांत पिवळा डाग उमटतो, आणि तो निघणं कठीण असतं. कसरीच्या अळ्या लोकर आणि रेशीम खातात. सुती कापडाकडे त्या वळतात ते मुख्यतः घामाच्या किंवा अन्नाच्या डागांसाठी. खळ केलेले कपडेही तसे साठवू नयेत, स्टार्चवर झुरळं आणि चंदेरी कसर येते.

इस्त्री केलेला कपडा गार झाल्यावरच आत जाऊ द्या. ड्रायक्लीनिंगहून आलेलं प्लॅस्टिक त्याच दिवशी काढा, त्यात दमटपणा आणि द्रावकाचा वास कोंडतो. रेशमी आणि जरीचे कपडे, साड्या, शाली सुती कापडात गुंडाळा आणि दर तीन महिन्यांनी घडी बदला. एकाच रेषेवर राहिलेली घडी जरीची तार तोडते, मग कापड तिथेच चिरतं.

डांबर गोळ्यांची वाफ हवेपेक्षा जड असते, म्हणून गोळ्या कपड्यांच्या वर, छोट्या कापडी पुरचुंडीत, बंद पेटीत ठेवा. कपड्याला थेट लागू देऊ नका. लहान बाळाच्या कपड्यांत त्या अजिबात नकोत, त्यांची वाफ बाळाला घातक ठरू शकते. गोळ्या आणि कापूर एकत्रही ठेवू नका, दोन्ही मिळून तेलकट द्रव होतो आणि डाग पडतो. लोकरीत कसर दिसलीच तर कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर बाष्प कापडावर धरतं.

पुढच्या वेळेची तयारी

सगळे हँगर दांडीवर हुक उलटा, म्हणजे तोंड आपल्याकडे करून अडकवा आणि आजची तारीख दाराच्या आत लिहा. कपडा घालून परत टांगताना हुक नेहमीसारखा लावा. वर्षाने ज्यांचे हुक अजून उलटे आहेत ते न घातलेले कपडे. वर्षच द्या, सहा महिन्यांत निम्मे ऋतू आलेलेच नसतात. समारंभाचा एखादा कपडा आणि पावसाळी कोट यांना यातून सूट द्या. बाकीच्यांपासून पुढची निवड सुरू करा, पूर्ण कपाट उपसायची गरज तेव्हा पडत नाही.