डॉक्टर व्हायचंय? मग अकरावीतच एवढं करून ठेवा

अकरावीला प्रवेश घेतलात की क्लास शोधायच्या आधी कागदपत्रांची एक जाडजूड फाइल करा. चांगले मार्क पडूनही कागद वेळेत हातात नसल्यामुळे प्रवेश हुकावा, इतकं वाईट दुसरं काही नाही.

राखीव प्रवर्गातून जायचं असेल तर नुसता जातीचा दाखला चालत नाही, व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र लागतं. ते आयत्या वेळी मिळेल या भरवशावर राहू नका. समिती वडिलांकडच्या नात्यातला जुना पुरावा बघते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीची नोंद असली की काम सोपं होतं. म्हणजे आजोबा किंवा पणजोबा ज्या शाळेत गेले, तिथलं जनरल रजिस्टर शोधायचं. पानं जीर्ण झालेली, आडनाव एका नोंदीत एक तर दुसरीत वेगळंच, आणि तहसिलातला कागद जुन्या मोडी लिपीत असला तर तो वाचणारा जाणकार गाठायचा. सख्ख्या काकांची किंवा चुलतभावाची व्हॅलिडिटी झालेली असेल तर तिची प्रत आधी मागून घ्या, बराच त्रास वाचतो. नॉन-क्रिमीलेयरच्या, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नाही या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, तेव्हा प्रवेशाच्या वर्षी तो चालतो ना, हे तपासा. अधिवासाचा दाखलाही आत्ताच काढा.

बारावी बाहेरच्या राज्यातून करायचा विचार असेल तर थांबा. राज्याच्या ८५ टक्के कोट्यासाठी, काही अपवाद सोडले तर, दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. क्लाससाठी राजस्थानातल्या कोटा शहरात जाऊन तिथल्याच शाळेतून बारावी दिली की हा हक्क जातो, आणि बऱ्याच पालकांना ते फार उशिरा कळतं.

अभ्यासाचं थोडक्यात सांगतो. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा ७२० गुणांची, त्यातले ३६० जीवशास्त्राचे. राज्य मंडळाच्या मुलांनी एनसीईआरटीची (केंद्रीय अभ्यासक्रमाची) पुस्तकं अकरावीपासूनच हाताशी ठेवावीत. १८० प्रश्न, १८० मिनिटं, आणि चुकलेल्या उत्तराला एक गुण वजा. म्हणून घड्याळ लावून, ओएमआर उत्तरपत्रिकेवर गोळे भरत सराव करा. पेपर मराठीतूनही देता येतो.

पैशांचं बोलणं निकालाआधी घरात सगळ्यांनी बसून करा. सरकारी महाविद्यालय आणि अभिमत (डीम्ड) विद्यापीठ यांच्या फीमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. अभिमतमध्ये अनेक ठिकाणी ती वर्षाला २० लाखांच्या वर जाते. शेत विकायचं का, कर्ज किती काढायचं, पुन्हा एक वर्ष द्यायचं की बीएएमएस (आयुर्वेदाची पदवी), फिजिओथेरपी किंवा नर्सिंगकडे वळायचं, हे डोकं शांत असताना ठरवावं. निकालाच्या रात्री मुलाला ते विचारू नये, एवढी कळकळीची विनंती.

आता मनाची तयारी. एमबीबीएस म्हणजे साडेचार वर्षं आणि वर    एक वर्षाची इंटर्नशिप. पहिल्याच वर्षी शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरतात, जेवण जात नाही. हे बहुतेकांचं होतं आणि सवयीने जातं. समोरचा देह कुणाच्या तरी घरच्यांनी विश्वासाने दिलेला असतो, तेव्हा तिथे फोटो आणि थट्टा नको. बारावीत पहिल्या आलेल्या मुलांनाही पहिल्या चाचणीत नापासाचा धक्का बसतो, कारण वर्गात सगळेच हुशार असतात. अशा वेळी घरी फोन करून मोकळं बोलता यावं, असं नातं आत्तापासून ठेवा. पुढे पदव्युत्तर प्रवेशाची (पीजीची) ‘नीट’ आणि त्यानंतरची तीन वर्षं आहेतच. इंजिनीअर झालेले वर्गमित्र घर घेतील तेव्हा तुम्ही वॉर्डात रात्रपाळी करत असाल.

बारावीच्या सुट्टीत जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीबाहेर एक सकाळ बसून पाहा, आणि जमलं तर एखाद्या इंटर्नला विचारा की रुग्ण दगावल्यावर नातेवाइकांशी कोण बोलतं. प्रवेशाच्या दिवशी बंधपत्रावर सही मागतील. सरकारीत शिकल्यावर ठरावीक काळ शासकीय सेवा करावी लागते. ती टाळली तर काय, हे कलम पालकांनी आणि मुलाने दोघांनीही वाचून मगच सही करावी, आणि त्याची एक झेरॉक्स त्याच फाइलमध्ये लावावी.