एल्फांच्या भाषेत ‘बाबा’ लिहायचं असेल तर

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक टॉल्किन यांनी आपल्या कथांतल्या एल्फ या काल्पनिक लोकांसाठी रचलेल्या भाषांपैकी क्वेन्या आणि सिंदारिन या दोन जास्त वापरात आहेत. त्यांतली एक आधी पक्की करा. दोन्हींची सरमिसळ झाली की शब्द बिघडतो. वडील म्हणजे क्वेन्यात ‘आतार’, सिंदारिनमध्ये ‘आदार’. लाडाने ‘आत्तो’ आणि ‘आदा’. ‘माझे वडील’ क्वेन्यात ‘आतारिन्या’, जोर ‘रिन्’वर. ‘आतार’, ‘आदार’ म्हणताना जोर पहिल्या अक्षरावर, ‘आ’ आखूड, ‘त’ दंत्य (ट नव्हे) आणि शेवटचा ‘र’ खणखणीत.

क्वेन्यात ‘आत्या’ हेही बाबांचंच लाडाचं रूप आहे. पण बेळगाव-खानापूरच्या घरात ते भिंतीवर लावू नका. मराठीत ती बाबांची बहीण, कन्नडमध्येही ‘अत्ते’ म्हणजे आत्या किंवा सासू.

दुसरी चूक आदरापोटी होते. आपण ‘वडील आले’ म्हणतो, म्हणून ‘आतारि’ किंवा ‘एदाइर’ घ्यावंसं वाटतं. ती खरी अनेकवचनं आहेत, त्यांचा अर्थ अनेक बाप असा होतो. एका बाबांसाठी एकवचनच घ्या.

आता तेंग्वार, म्हणजे टॉल्किन यांनीच या भाषांसाठी रचलेली लिपी. देवनागरी आणि कन्नड दोन्ही वाचणाऱ्यांना क्वेन्याची पद्धत सोपी जाते, कारण स्वराची खूण आधीच्या व्यंजनावर बसते, आपल्या मात्रेसारखी. ‘आ’ची खूण तीन ठिपके. ‘आतार’ असा लिहा: सुरुवातीला व्यंजन नाही, म्हणून नुसती छोटी उभी रेघ आणि तिच्यावर तीन ठिपके, मग ‘तिंको’ हे ‘त’चं अक्षर, त्यावर पुन्हा तीन ठिपके, शेवटी ‘ओरे’ हे ‘र’चं अक्षर, ठिपक्यांविना. सिंदारिनच्या रूढ पद्धतीत खूण पुढच्या व्यंजनावर जाते, त्यामुळे ‘आदार’ला रेघ लागत नाही: ‘आंदो’ या ‘द’च्या अक्षरावर तीन ठिपके, ‘ओरे’वर तीन. इथेच गल्लत होते. क्वेन्याच्या पद्धतीत ‘आंदो’चा उच्चार ‘न्द’ आहे.

पाटी किंवा कीचेन कोरून घेणार असाल तर डीटीपीवाल्याला टाइप केलेला मजकूर देऊ नका. तेंग्वारच्या बऱ्याच जुन्या फाँटमध्ये इंग्रजी कळ दाबली की भलतंच अक्षर उमटतं, आणि फाँट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की, जुन्या मराठी फाँटसारखीच, नुसती चिन्हं दिसतात. अक्षरांचे आउटलाइन (फाँट न लागणाऱ्या रेषाकृती) करून पीडीएफ द्या. कोरताना बारीक ठिपके बुजतात. अक्षर लहान असेल तर त्यांऐवजी टोपीसारखी खूण काढा, घाईच्या लेखनात तीही चालते.