रक्तदाबासाठी बीटचा रस: साठीनंतरच्या स्त्रियांनी तो कसा घ्यावा

रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन कमी होतं, आणि रक्तवाहिन्या सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइडही शरीरात कमी तयार होतं. बीट, पालक, लेट्यूस यांतल्या नायट्रेटमधून ते काही प्रमाणात भरून काढता येतं.

रोज साधारण 250 मिली ताजा रस, शक्यतो ठरलेल्या वेळी घ्या. परिणाम दोन-तीन तासांनी जाणवतो, दिवसभरात ओसरतो. म्हणून आठवड्यातून एकदा प्यायल्याने काही साधत नाही. भाजी उकडून पाणी ओतून दिलं तर बरंचसं नायट्रेट त्याच पाण्यातून जातं. वाफवा, किंवा ते पाणी वापरा. रस उघड्यावर ठेवू नका.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो माउथवॉशमुळे. नायट्रेट लाळेत उतरतं आणि जिभेच्या मागच्या भागावरचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, ज्यापासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड बनतं. जंतुनाशक चूळ भरली की हे जिवाणूच मरतात, मग रस कितीही प्या. साधं ब्रश करणं पुरेसं आहे.

पाच मिनिटं शांत बसून, एक मिनिटाच्या अंतराने दोनदा रक्तदाब मोजा आणि लिहून ठेवा. वरचा आकडा चार-पाचने उतरला तरी चांगलं; मात्र गोळ्या स्वतःहून बंद करू नका. लघवी लालसर झाली तर बहुधा तो बीटचाच रंग असतो.

मुतखडा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण बीटमध्ये ऑक्झलेट आणि पोटॅशियम भरपूर असतं. वॉरफरिन (रक्त गोठू न देणारं औषध) चालू असेल तर पालक अचानक वाढवू नका.