मरळ की रोहू? गळापासून ताटापर्यंत

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीतील मामा तलावांवर, म्हणजे माजी मालगुजारी (जुन्या जमीनदारांच्या) तलावांवर, गळ घेऊन बसणाऱ्याने मरळ धरायची की रोहू, हे घरूनच ठरवून निघावे. दोन्ही माशांची जागा वेगळी, चारा वेगळा आणि चुलीवरची रीतही वेगळी आहे. तलाव मच्छीमार संस्थेच्या ठेक्यात असेल, तर आधी परवानगी घ्यावी.

पहिली पायरी जागेची. मरळ काठच्या उथळ पाण्यात, कमळाच्या पानांखाली किंवा बेशरमीच्या झुडपाशी दडून असते. तिला हवेतूनही श्वास घ्यावा लागत असल्याने ती वरचेवर पृष्ठभागावर येते. म्हणून दहा मिनिटे पाणी नुसते पाहावे आणि जिथे ‘डुबुक’ होऊन वलय उठेल, तिथे गळ टाकावा. रोहू मोकळ्या, खोल पाण्यात मधल्या थरात चरतो. तो साचलेल्या तलावात अंडी घालत नाही. त्यामुळे तलावातला रोहू बहुधा बाहेरून आणून सोडलेल्या बोटुकलीचाच, म्हणजे बोटाएवढ्या पिलाचाच, वाढलेला असतो.

चाऱ्याच्या बाबतीत मरळ शिकारी आहे. तिला लहान मासोळी किंवा रबरी बेडूक पानांवरून सरकवत न्यावा, झडप पडली की तीन अंक मोजावेत आणि मग दोर जोराने ओढावा, नाहीतर ती गवतात शिरून दोर गुंतवते. पावसाळ्यात लालसर पिलांचा पुंजका पाण्यावर दिसला, तर तिथे गळ टाकू नये. आई-बाप राखणीला असतात आणि चारा दिसताच झेपावतात, पण ते गेले की पिले उघडी पडतात.

रोहूसाठी शेंगदाण्याची पेंड आणि कणीक मळून बारीक गोळी करावी, ज्वारीच्या धांड्याचा (वाळक्या ताटाचा) तुकडा तरंगायला बांधावा आणि एकाच जागी आदल्या दिवशीही थोडा चारा टाकून ठेवावा. तुकडा थरथरला की घाई करू नये. त्याचे तोंड मऊ असते, हिसका दिला तर ते फाटते. त्याला दमवून हातजाळीने उचलावे.

मरळ ओल्या पोत्यात तासन्‌तास जिवंत राहते. मी एकदा बादली उघडी ठेवली आणि मरळ अंगणातून थेट तुळशीपाशी सापडली. तेव्हापासून बादलीवर पाट ठेवतो.

साफ करताना मरळीला चुलीची राख किंवा मीठ चोळावे, कारण तिचा चिकटपणा गेल्याशिवाय ती पावशीवर (विळीवर) टिकत नाही. रोहूचे खवले मात्र झटपट निघतात. त्याची खरी अडचण मांसात आहे: पाठीत आणि शेपटीकडे दुबेळक्यासारखे बारीक काटे असतात. त्यासाठी तुकड्यांवर सुरीने अगदी जवळजवळ आडवे काप द्यावेत आणि जवसाच्या किंवा शेंगदाण्याच्या तेलात कडक तळावे, म्हणजे काटे कुरकुरीत होऊन जाणवत नाहीत. पोटाच्या तुकड्यांत फक्त मोठे काटे असतात, ते रश्शात घालावेत.

मरळीत काटे थोडे आणि मांस घट्ट, म्हणून भाजलेल्या खोबऱ्याच्या, लसणाच्या आणि चिंचेच्या झणझणीत रश्शात ती फुटत नाही. घरात लहान मुले किंवा म्हातारी माणसे जेवायला असतील, तर मी डोळे मिटून मरळच आणतो. तळणीसाठी मात्र रोहूच बरा, आणि तो भाताबरोबर नव्हे, तर गरम भाकरीबरोबर.